दादाचे इंजिन उघडावे की नाही?

आमच्या माडीवर एक रेल्वे आहे. कोणाला सांगितले तर तो आधी हसतो. नागावात एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला अलिबाग-रेवदंडा रस्ता आणि मध्ये नारळ-पोफळीच्या वाड्या. इथे रेल्वे कुठली? पेणहून थळच्या खत कारखान्यापर्यंत मालगाडीचा रूळ गेला आहे, तेवढाच. गाडीत बसायचे तर आम्हाला पेण नाही तर पनवेल गाठावे लागते. पण माडीवरची रेल्वे खरीच आहे. आठ फूट लांब, चार फूट रुंद प्लायवूडवर रूळ ठोकलेले आहेत, दोन बोगदे आहेत, एक स्टेशन आहे आणि वीतभर लांबीचे इंजिन त्यावरून चांगली सहा डब्यांची गाडी ओढते.

हे सगळे माझ्या थोरल्या भावाचे. दादा १९६८ साली परळच्या रेल्वे कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि २००७ साली निवृत्त होऊन घरी आला. रेल्वेचे वेड मात्र नोकरीच्याही आधीचे. आम्ही लहान असताना वडिलांनी एकदा आम्हाला नेरळहून माथेरानच्या गाडीने नेले होते. आपल्याच जिल्ह्यातली गाडी ती. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने ती सुरू केली. तिच्या दोन रुळांत अंतर अवघे दोन फूट. तेव्हा तिला वाफेचे इंजिन असे. प्रत्येक वळणाला दादा खिडकीतून अर्धा बाहेर आणि आई त्याची चड्डी धरून बसलेली, एवढे मला पक्के आठवते. पुढे १९९८ साली पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. दादा ते पाहून आला, तो पुढचे चार दिवस दुसरे काही बोललाच नाही.

निवृत्त झाल्यावर त्याने माडी ताब्यात घेतली. सुपारी वाळवायची जागा गेली म्हणून वहिनी महिनाभर रुसल्या होत्या. ही छोटी रेल्वे सत्त्याऐंशी पटींनी लहान असते. म्हणजे खरे इंजिन सत्त्याऐंशी हात असेल, तर हे एक हात. रुळांतले अंतर साडेसोळा मिलिमीटर. हे माप परदेशातल्या रुळांवरून आलेले आहे. आपली मोठी लाईन त्याहून रुंद, १६७६ मिलिमीटरची; हिशेबाने आपला छोटा रूळ एकोणीस मिलिमीटरच्या वर हवा. दादाला हे सलायचे. "कारखान्यात असा फरक चालला असता का?" असे तो स्वतःलाच विचारी आणि पुन्हा विकतच्या रुळावर गाडी चालवी.

त्याचे सर्वांत लाडके इंजिन म्हणजे डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल. रोह्याच्या गाडीला लागायचे ते. त्याचा मूळ आराखडा अमेरिकेच्या ॲल्को कंपनीचा. १९६२ पासून ही इंजिने आपल्याकडे आली आणि पुढे वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागली. दादाने अमेरिकन बनावटीच्या छोट्या डिझेल इंजिनाचा चाके-मोटरसह सांगाडा मिळवला आणि वरचे अंग पितळी पत्र्याचे, स्वतःच्या हाताने केले. दोन पावसाळे त्यात गेले. खिडक्या, कठडे, पायऱ्या, रंग सगळे त्याचे. मोडक्या चष्म्याच्या काड्याही त्यात कुठे कुठे आहेत, असे वहिनी सांगतात.

२०२२ साली दादा गेला. माडीला कुलूप लागले.

*

२०२३ च्या दिवाळीला पुतण्या पुण्याहून आला तो एक खोके घेऊन. त्यात गाडी चालवायचे नवे यंत्र होते आणि बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी, रंगीत तारा फुटलेली दोन पाने होती. तो म्हणाला, "काका, यांना डिकोडर म्हणतात. हे इंजिनात बसवलं की दोन इंजिनं एकाच रुळावर वेगवेगळी चालवता येतात. बाबांना हेच हवं होतं."

दादाला काय हवे होते ते मला ठाऊक होते. कोकण रेल्वेने जो कोणी गेला असेल, त्याला क्रॉसिंग माहीत आहे. वीरच्या पुढे मार्ग अजून बहुतेक एकेरी आहे. एक गाडी स्टेशनात बाजूला उभी राहते, समोरून दुसरी येते, निघून जाते, मग पहिली सुटते. दादाला हे क्रॉसिंग माडीवर घडवायचे होते, तेही दोन पोरांच्या हातून. प्रत्येकाच्या हातात आपली गाडी. जुन्या पद्धतीत ते सहज जमत नसे. रुळात जितकी वीज सोडावी तितके इंजिन धावते. रुळावर दोन इंजिने ठेवली की दोन्ही एकदम पळतात. दादाने रूळ तुकडे-तुकडे करून प्रत्येकाला बटण लावले होते. पण पोरे बटण विसरत, आणि बोगद्यात टक्कर होई.

नवी पद्धत पुतण्याने समजावली ती मी माझ्या भाषेत सांगतो. आपल्या वाडीत पाणी सोडतो तसेच ते आहे. जुन्या पद्धतीत पाट कधी भरलेला, कधी अर्धा, कधी कोरडा. जे आळे पाटाला लागून आहे त्याला त्याच वेळी तेवढे पाणी मिळणार. नव्या पद्धतीत पाट सदाच भरलेला असतो. प्रत्येक आळ्याच्या तोंडाशी एक राखणदार बसवलेला असतो आणि त्याला एक नंबर दिलेला असतो. त्याच्या नंबराने हाक आली की तो आपल्यापुरते तोंड उघडतो. डिकोडर म्हणजे हा राखणदार. हाकही रुळातूनच, विजेबरोबर जाते. अमेरिकेतल्या छोट्या रेल्वेवाल्यांच्या संघटनेने १९९० नंतरच्या दशकात याचे नियम ठरवून दिले, म्हणून एका कंपनीचा डिकोडर दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरही चालतो.

हे सगळे छानच होते. पण डिकोडर बसवायचा तर दादाचे इंजिन उघडायला हवे. आणि ते कोणी उघडायचे?

*

ओटीवर सभा भरली. पुतण्या म्हणाला, "मुंबईत हे काम करून देणारे कारागीर आहेत. देऊन टाकू." त्याची मुलगी सहावीत आहे. ती म्हणाली, "मी आणि धाकटे आजोबा करू." धाकटे आजोबा म्हणजे मी. वहिनी काही बोलल्या नाहीत. सगळे जेवायला उठल्यावर तेवढ्या मला म्हणाल्या, "भाऊजी, त्यांच्या हाताने आवळलेले स्क्रू आहेत ते."

त्या रात्री मला झोप लागली नाही. खरे सांगायचे तर मला इंजिन उघडायची हौस होती, आणि भीतीही होती. भीतीला कारण होते.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर आदळले. आमच्या वाडीतल्या निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या. विजेचे खांब पडले आणि आमच्या भागात दिवे यायला बरेच दिवस लागले. ज्या दिवशी लाईन आली त्या दिवशी मला धीर निघेना. पंपाच्या स्टार्टरमध्ये पाणी गेले होते. मी तो खोलला, पुसला, उन्हात वाळवला, तारा होत्या तशा जोडल्या. जोडणी अगदी बरोबर होती. बटण दाबले तर मोटर नुसती घुमली, फिरेना. मला वाटले, इतके दिवस पडून आहे, अडकली असेल. म्हणून बटण दाबूनच धरले. थोड्या वेळाने वास आला. तीन फेजपैकी एक आलाच नव्हता. टेस्ट लॅम्प खुंटीला टांगलेला होता. तो घेऊन तिन्ही फेज बघायला दोन मिनिटे लागली असती. मोटर अलिबागला नेऊन वायंडिंग करून आणावी लागली, आणि त्या दिवसांत तो खर्च किती जड गेला ते आमचे आम्हाला ठाऊक.

दादा तेव्हा होता. तो रागावला नाही. जळकी मोटर हाताने फिरवून बघत एवढेच म्हणाला, "हात बरा आहे रे तुझा. पण तू बघायच्या आधी जोडतोस."

आता त्याच हाताने त्याचेच इंजिन उघडायचे होते.

*

दुसऱ्या दिवशी मी वहिनींनाच विचारले, "उघडू की नको?" त्यांनी उलट विचारले, "बिघडलं तर नक्की काय बिघडेल?"

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. पुतण्याला बसवून मी तो नीट विचारला. उत्तर असे निघाले. दादाने केलेले पितळी अंग दोन स्क्रूंवर बसलेले आहे. ते काढून आधीच कपाटात ठेवायचे. डिकोडरच्या कामाशी त्याचा काही संबंध नाही. जळलाच तर डिकोडर जळेल, तो तीन हजारांच्या आसपासचा. फार तर मोटर जाईल, तीही बाजारात मिळते. म्हणजे ज्याला मोल नाही ती वस्तू पहिल्याच मिनिटाला धोक्याबाहेर जात होती. आम्ही सगळे ज्याला घाबरत होतो ते घडणारच नव्हते, आणि जे घडू शकत होते त्याला पैशात किंमत होती. एक गोष्ट मात्र परत न येणारी होती. डिकोडरला जागा करायला सांगाड्याचे लोखंड कानशीने खाली घ्यायचे की नाही? घासलेले लोखंड परत येत नाही. मी ठरवले, कानस लावायची नाही. जागा असेल तिथेच डिकोडर बसेल, नसेल तर बसणार नाही.

वहिनी म्हणाल्या, "मग उघडा. पण पहिल्यांदा यांच्यावर हात शिकू नका."

आमच्याकडे कलम बांधायला शिकणाऱ्या पोराला आपण थोराच्या झाडाची चांगली काडी आधी देत नाही. रायवळ आंब्याच्या कोयी उगवतात, त्यावर दहा-वीस कलमे बांधू देतो. निम्मी मरतात, तोवर सुरी कशी धरायची ते त्याला कळते. दादाच्या खोक्यात एक जुने, रंग उडालेले शंटिंगचे इंजिन होते. तेच आमची रायवळ कोय ठरले.

*

मे महिन्याच्या सुट्टीत नात आली आणि आम्ही माडीचे कुलूप काढले. खाऱ्या वाऱ्याने रुळांवर काळपट थर धरला होता. दोन दिवस तो पुसण्यात गेले. मग शंटिंग इंजिन जुन्याच यंत्रावर चालवून पाहिले. पुतण्याने फोनवर बजावले होते, "साध्या विजेवर जे इंजिन अडखळतं ते डिकोडर घातल्यावर सुधारत नाही, काका. आधी ते सुरळीत चालू दे." चाके पुसली, तेलाचा एकेक थेंब दिला, तेव्हा ते नीट चालले.

डिकोडरच्या तारांचे रंग ठरलेले असतात. लाल आणि काळी या दोन तारा चाकांकडून, म्हणजे रुळाकडून वीज घेतात. नारिंगी आणि करडी या दोन मोटरकडे जातात. बाकीच्या दिव्यांच्या. मेख अशी आहे की रुळाची वीज आता मोटरला थेट लागता कामा नये. जायची ती डिकोडरमधूनच. जुन्या इंजिनांत मोटरचे एक टोक सांगाड्यालाच टेकलेले असते आणि सांगाड्यातून रुळाची वीज खेळत असते. ते तसेच राहिले आणि गाडी नव्या रुळावर ठेवली, तर डिकोडर तिथल्या तिथे जातो. पाटाला भगदाड पडले तर राखणदार काय करणार?

आम्ही मोटरखालची पितळी पट्टी काढली, मोटर आणि सांगाडा यांच्यामध्ये उष्णता सोसणारी पिवळी टेप लावली. मी सोल्डरची इस्त्री तापत ठेवली. तारा जोडायला हात शिवशिवत होते. नात म्हणाली, "आजोबा, आधी पीप."

मल्टीमीटरला ती पीप म्हणते. दोन टोके एकमेकांना कुठून तरी लागत असली की तो पीप असा आवाज करतो. एक टोक मोटरला, दुसरे सांगाड्याला लावले. पीप. टेप लावूनही! मी पुन्हा बघितले. मोटरचा एक स्क्रू लोखंडी होता आणि तो टेपेतून आरपार जाऊन सांगाड्याला भिडत होता. तिथे प्लॅस्टिकचा स्क्रू घातला. मग सहाही चाकांना, सांगाड्याला, एकेक करून टोक लावले. कुठेच पीप नाही. वादळानंतर खुंटीवर राहिलेला टेस्ट लॅम्प मला त्या क्षणी आठवला.

डाख द्यायचे काम तसे सोपे. तारेचे टोक खरवडून चकचकीत करायचे. आमच्या हवेत तांबे हिरवे पडते आणि हिरव्यावर डाख धरत नाही. इस्त्रीने तार तापवायची आणि तारेवर सोल्डर वितळू द्यायचे. इस्त्रीवर वितळवून तारेवर टाकले तर वरून जोड दिसतो, आत धरलेला नसतो. जोडावर बारीक नळी चढवून ती तापवली की आवळून बसते आणि जोड झाकतो.

इंजिन आधी मुख्य रुळावर ठेवायचे नाही, तर वेगळ्या वीतभर रुळावर ठेवायचे, तिथे यंत्र अगदी थोडी वीज सोडते. काही चुकले असेल तर सहसा जळण्याआधीच कळते. नव्या डिकोडरचा नंबर तीन असतो. यंत्राने तीन नंबरला हाक मारली आणि उत्तर आले. मुख्य रुळावर ठेवून नातीने कळ फिरवली. इंजिन हळूच हलले, बोगद्यात गेले, बाहेर आले. ती टाळ्या पिटत असतानाच पुढचा दिवा लख्ख पेटला आणि विझला. कायमचा. तो जुना बल्ब दीड व्होल्टचा होता आणि डिकोडर दिव्याला बारा-चौदा व्होल्ट देतो. मध्ये एक हजार ओहमचा रेझिस्टर घालून एलईडी लावायला हवा होता. हे पुतण्याने सांगितलेले मीच विसरलो. पण बल्ब रायवळाचा होता. दादाचा नव्हता.

*

मग दादाच्या इंजिनाची पाळी आली. वहिनी माडीवर येऊन खुर्चीवर बसल्या. दोन स्क्रू मी काढले आणि दोन्ही त्यांच्या हातावर ठेवले. पितळी अंग त्यांनी जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून मांडीवर घेतले.

आत बघतो तर दादाने केलेला एक जोड होता. ओबडधोबड, खडबडीत, पिकल्या करवंदाएवढा गोळा. बोटाने हलवला तर तार निघूनच आली. आत धरलेलाच नव्हता. कारखान्यात चाळीस वर्षे काढलेल्या माणसाचा जोड! मी काही बोललो नाही, पण वहिनींनी वाकून पाहिले आणि हसू लागल्या. "त्या दिवशी यांनी बोट भाजून घेतलं होतं. दोन दिवस मी भात कालवून दिला," म्हणाल्या. दादा गेल्यापासून माडीवर कोणी हसले नव्हते. माझाही हात मोकळा झाला. मी इतके दिवस त्याच्या इंजिनापुढे देवापुढे उभा राहावा तसा उभा होतो. ते त्याने शिकत-चुकत केलेले काम होते.

आता तपासणी. इंजिन साध्या बारा व्होल्टवर लावायचे, मध्ये मीटर ठेवायचा आणि क्षणभर चाके हाताने दाबून मोटर थांबवायची. अडलेली मोटर सर्वांत जास्त वीज ओढते. तेवढी पेलण्याची ताकद डिकोडरमध्ये हवी, कारण छोट्या रेल्वेतही गाडी घसरते, चाक अडते. आमचा डिकोडर एक अँपिअरचा होता. मीटरने एक पूर्णांक सहा दाखवले. पुन्हा केले. तेवढेच.

मोटर जुन्या घडणीची, भुकेली होती. शंटिंग इंजिनाची मोटर नव्या पद्धतीची, बंद डबीतली होती. ती अर्धा अँपिअरही घेत नव्हती. दादाच्या इंजिनात डिकोडर आहे तसा घातला असता तर काही दिवस चालला असता आणि एखाद्या दिवशी बोगद्यात गेला असता. जास्त ताकदीचा डिकोडर मोठा असतो. त्याला जागा करायची तर लोखंड घासावे लागले असते. ते तर नाही ठरले होते. उरला मार्ग मोटर बदलण्याचा. पण नवी मोटर आत अशी बसवायची की तिचा दांडा दोन्हीकडच्या दांड्यांशी सुतात यावा. केसभर तिरकी बसली तर गाडी थरथरते, दाते झिजतात. दादाने ते केले असते. मला जमले नसते. आणि मुख्य म्हणजे, ती तिरकी बसली आहे हे मला महिनाभर कळलेही नसते.

इथे मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. आपण नेहमी विचारतो, हे काम मला येईल का? हात बहुतेकांचा बरा असतो. शेतकऱ्याचा तर असतोच. दुरुस्तीवाला गावात येईपर्यंत आपण कधी थांबलो आहोत? विचारायचे ते हे, की माझे चुकले तर नुकसान होण्याआधी मला कळेल का? डिकोडरच्या कामात माझ्यापाशी पीप होती, मीटर होता, वीतभर रूळ होता. चूक मला आधी दिसत होती, म्हणून ते काम माझे. मोटर सुतात बसवण्याच्या कामात माझ्यापाशी चूक दाखवणारे काहीच नव्हते, म्हणून ते माझे नव्हे. सगळे स्वतः करायचे किंवा सगळे दुसऱ्याला द्यायचे, असे दोनच रस्ते आहेत हे मनात धरून मी सहा महिने घालवले होते.

पुतण्याने सांगितलेल्या मुंबईच्या कारागिराकडे आम्ही नुसता सांगाडा पाठवला. पितळी अंग वहिनींच्या कपाटात राहिले. जायच्या आधी प्रत्येक बाजूने त्याचे फोटो घेतले, आणि जुनी मोटर परत पाठवा असे चिठ्ठीत लिहिले. मेच्या अखेरीस मांडव्याहून लाँचने मी स्वतः ते मुंबईला नेऊन दिले. त्या मोसमातल्या शेवटच्या लाँचांपैकी एक असेल. पावसाळ्यात मग त्या बंद होतात. सांगाडा परत आला तो श्रावणात, एसटीने, पुतण्याच्या पिशवीतून. नवी मोटर अडवून पाहिली, पाव अँपिअरच्या थोडी वर. पीप घेतली. डिकोडर जागेत बसला. कानस लागली नाही. या खेपेस दिव्याला रेझिस्टर आठवणीने घातला. चार तारा मी जोडल्या, पाचवी नातीने. जोड माझ्यापेक्षा तिचा चांगला आला.

*

गणपतीत आमचे घर भरते. मुंबई-पुण्याची सगळी मंडळी येतात. २०२४ च्या गणपतीत आरती झाल्यावर पोरे माडीवर जमली. नातीच्या हातात दादाचे इंजिन, तिच्या आतेभावाच्या हातात शंटिंगचे. स्टेशनात शंटिंगची गाडी बाजूच्या रुळावर येऊन थांबली. बोगद्यातून दादाचे डिझेल दिवा लावून आले, तिच्या बाजूने सरळ निघून गेले. मग आतेभावाने आपली गाडी सोडली. टक्कर झाली नाही. दोन्ही पोरांना वाटले, यात काय विशेष? त्यांनी लगेच तिसरे इंजिन मागितले.

वहिनी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या होत्या. "हेच ना ते क्रॉसिंग?" त्यांनी विचारले. मी हो म्हटले. त्या म्हणाल्या, "आम्ही वीरला एकदा दीड तास उभे होतो, तेव्हा यांना आनंद झाला होता. मी वैतागले होते."

जुनी मोटर डबीत घालून त्यांनी देवघरात नाही, शिवणाच्या पेटीत ठेवली आहे. कधी लागली तर सापडावी म्हणून.

यंदा पंपाला मोबाईलवरून चालू-बंद करायचा नवा स्टार्टर घ्यायचा आहे. मुलगा म्हणतो, तुम्हीच बसवा, पैसे वाचतील. मी पेटीबरोबरचा कागद दोनदा वाचला आहे. मोबाईलच्या पेटीच्या तारा मी जोडीन, कारण त्या बरोबर आहेत की नाही ते मला तपासता येते. डीपीपासून येणारी लाईन आणि अर्थिंग वायरमन बघेल. आणि दोघांचेही झाल्यावर, बटण दाबायच्या आधी, खुंटीवरचा टेस्ट लॅम्प मी स्वतः काढणार आहे.